तिसऱ्या खुर्चीसमोरचे डास

नवी जाळी बसवल्यापासून व्हरांड्यात एकही डास शिरत नव्हता, म्हणून काकू जाम खूश होत्या. संध्याकाळी ते मेले माणसाच्या वासाने बाहेरून जाळीला चिकटत, तेही नेमके खुर्चीसमोर. एक घोळका काकूंसमोर, एक काकांसमोर.

तिसरा मात्र रिकाम्या खुर्चीसमोर.

"बघूच आज," म्हणत काकूंनी ती खुर्ची उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि त्या परत आपल्या जागी येऊन बसल्या.

"तुला जरा म्हणून स्वस्थता नाही," काका पेपरातून म्हणाले.

तिसरा घोळका कोपऱ्याकडे गेलाच नाही. तो जाळीवर वर सरकला, माणूस उठून उभा राहतो तेवढा. मग सावकाश काकूंसमोर आला आणि थांबला.

काकूंनी मागे न बघता हळूच विचारलं, "खुर्ची आणून देऊ?"

"मी बसलोय की," काका म्हणाले.

काकूंनी त्यांना विचारलंच नव्हतं.