सगळ्यात जड हत्यार

धरणगावच्या शाळेत विजय दिवसाला एकाहत्तरच्या लढाईतले दोन जवान आले होते, जीवराम नाना आणि प्रेमराज आबा. नाना नववीच्या वर्गाला सांगत होते, "दहा किलोची एलएमजी, म्हणजे मशीनगन, होती माझ्याकडे. मांडीत गोळी घुसली, तरी सोडली नाही. तिला घेऊनच तळावर परतलो." टाळ्या थांबेनात.

"आणि आबा, तुम्ही काय चालवायचे?" एका मुलाने विचारलं.

"मी नानाचा दोन नंबर. तो गोळ्या झाडायचा, मी भरलेली मॅगझिनं त्याच्या हातात द्यायचो."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे हमाली!" वर्ग हसला. आबांची नात डिंपल पहिल्याच बाकावर होती. तिने मान खाली घातली, मग ताडकन उठली. "आबा, लढाईत सगळ्यात जड काय उचललं तुम्ही? सांगा यांना."

"जाऊ दे ना, बेटा."

"अरे, सांग ना! एवढी वर्षं झाली, लाजतोस काय?" नाना काठी टेकत उभे राहिले. "पोरांनो, मांडीत गोळी घेऊन कोणी चालतं का? तीन मैल याच्या खांद्यावर होतो मी. आणि सारखा याला विचारत होतो, 'मन्ही एलएमजी कोठे शे?'"

"त्याच्याच हातात होती," आबा म्हणाले. "माझ्या पाठीवर आपटत होती."

नानांनी काठी बाजूला ठेवली आणि आपल्या दोन नंबरला कडक सॅल्यूट ठोकला. पहिली टाळी मागच्या बाकावरून आली.