मिटलेल्या डोळ्यांची प्रार्थना

उताराखाली थांबलेल्या जीपमधून शमुवेलदादा एकटाच दवाखान्यापाशी चढून आला, तशी नर्स ताबिथा वाकून त्याच्या मागे पाहू लागली. "बाकीचे कुठंयत, लीडर? की उलट्या करत घाटातच बसलेत?"

शमुवेलला हसता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी तरुण संघाच्या शिबिरात त्यानंच सगळ्यांना डोळे मिटायला लावले होते. मेळघाटातल्या मिशनच्या दवाखान्यात सेवेला जो जाईल त्यानं हात वर करावा, असं म्हणाला होता. त्या मिटल्या डोळ्यांच्या गर्दीत एकच हात वर आला, या ताबिथाचा. तिचा धीर खचू नये म्हणून तो गदगदून ओरडला, "किती हे हात! प्रभूची स्तुती असो!" नंतर फोनवरही "येतील, येतील" म्हणत राहिला.

"माहेरच्या गाडीची बघावी तशी दर जीपची वाट बघते मी," ती म्हणाली. "रात्रंदिवस एकटीनं बाळंतपणं करते, जीव मुठीत धरून. खरं सांग दादा, कितीजण होते?"

"तू एकटीच, ताबी."

ती डोंगराकडे वळली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुझाही हात नव्हता."

खालून जीपवाल्यानं हॉर्न दिला. परतीची तीच एक गाडी होती. तिनं त्याची पिशवी उचलून हातात दिली.

मी राहतो, एवढंच म्हणायचं होतं त्याला. उतार संपला, जीप सुरू झाली, तरी ते ओठांवर आलं नाही.