रेषेबाहेरचा लाल

“फक्त रुमाल रंगवावा. रंग रेषेबाहेर जाऊ देऊ नये.” मादाम वेर्दिएंनी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि फिल्मचं रीळ ओर्तांसच्या टेबलावर ठेवलं. “खाली सही ब्लांदिनची.”

कारखान्यातल्या तीस बायकांचे कुंचले थांबले.

“रेषेबाहेर? हे ओर्तांसला सांगते ती?” शेजारची जुस्तिन हिरवा रंग ढवळत म्हणाली. “अगं बाई! उद्या पोपला सांगेल, प्रार्थना कशी करायची ते.”

सगळ्या हसल्या. ओर्तांस हसली नाही.

पॅरिसच्या या फिल्म रंगवायच्या कारखान्यात एका बाईकडे एकच रंग असे. फिल्म हातोहात पुढे सरकायची. आभाळ निळावाली रंगवायची, झाडं जुस्तिन. लाल लावायला फिल्म ओर्तांसकडे यायची. नखाएवढं एकेक चित्र, भिंगाखाली, तीन केसांच्या कुंचल्याने. मिनिटभराच्या खेळात अशी हजारभर चित्रं. अकरा वर्षांत तिचा लाल एकदाच रेषेबाहेर गेला होता. चार वर्षांपूर्वी, शेजारी बसून पिवळा लावणाऱ्या ब्लांदिनला मालकांनी अंगणापलीकडच्या काचेच्या स्टुडिओत चित्रीकरणाच्या कामावर बोलावून घेतलं, त्या दुपारी. एका परीच्या ओठांवरून रंग पार गळ्यापर्यंत ओघळला. ब्लांदिनने तो पाहिला, ओल्या फडक्याने टिपून घेतला, आपला अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि गेली.

ओर्तांसला मात्र कुणी बोलावलं नाही. दोघींत सरस हात कुणाचा, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

आता ब्लांदिनने स्वतःचा पहिला चित्रपट केला होता. शुक्रवारी मालक आणि जत्रांतून तंबूत चित्रपट दाखवणारे लोक तो पाहणार होते. पसंत पडला तर ती तिकडची झाली. नाही पडला तर पिवळ्याची खुर्ची अजून रिकामीच होती.

ओर्तांसने फिल्म उजेडासमोर धरली. गोष्ट एवढीशी. एक बायको नवऱ्याचा कोट घडी घालते, खिशात दुसऱ्या बाईचा रुमाल सापडतो. ती तो हातात धरून बघत राहते. बस्स. काळा फक्त तो कोट. बाकी भिंत पांढरी, पलंगपोस पांढरा, बायकोचा झगा पांढरा, टेबलावरचा जगसुद्धा पांढरा.

“देखावा रंगवायला माणूस मिळाला नाही वाटतं बाईसाहेबांना,” जुस्तिन खांद्यावरून डोकावत म्हणाली. “आम्हाला तर कामच नाही. तुला आपला एक रुमाल. शिकाऊ पोरीला देतात तसा.”

ओर्तांसने कुंचला बुडवला. पहिली शंभर चित्रं तिने नेहमीसारखी केली, रेष न रेष धरून. मग नजर पुन्हा त्या चिठ्ठीकडे गेली. अक्षर तेच, गोलगोल. याच टेबलावर शेजारी बसून तिला लाल कसा पातळ करायचा ते ओर्तांसने शिकवलं होतं.

पुढच्या चित्रात तिने लाल बोटांवर जाऊ दिला. त्यापुढच्यात मनगटावर. मग बाहीवर. मग तिने तीन केसांचा कुंचला ठेवून दिला आणि जाडा घेतला. झगा, पलंग, भिंत. तिसऱ्या दिवशी शेवटच्या चित्रात लालाशिवाय काही उरलं नव्हतं. हसू दे सगळ्यांना. विचारलंच तर सांगायचं, रंग पातळ झाला होता. रीळ तिने मादामांच्या हातात दिलं. मादामांनी ते उघडूनही पाहिलं नाही. ओर्तांसचं काम कधी कुणी तपासत नसे.

शुक्रवारी दुपारी पडदे ओढले गेले तेव्हा ती दाराशी उभी होती. ब्लांदिनचा चेहरा पडताना तिला बघायचा होता.

पांढऱ्या खोलीत लाल रुमाल उमटला. कुणीतरी जांभई दिली. मग लाल बोटांवर चढला, बाहीत शिरला, झग्यावरून भिंतीवर गेला. बायको हललीसुद्धा नाही. तिच्याभोवतीची खोली पेटत गेली. जांभई देणारा खुर्चीत पुढे सरकला. पडदा लालभडक झाला आणि रीळ संपलं.

“पुन्हा लावा,” जत्रावाल्यांतला एक म्हातारा म्हणाला. “माझ्या बायकोने मला अगदी असंच बघितलं होतं.”

मालक वळले. “ब्लांदिन, ही कल्पना कुणाची?”

“माझी.”

ओर्तांसचे पाय आपोआप पुढे गेले. नोकरी, पातळ झालेला रंग, सगळं मागे राहिलं.

“खोटं बोलतेय ती! माझी आहे. मी केलंय ते, माझ्या हाताने. तिचं वाटोळं व्हावं म्हणून केलंय!”

ब्लांदिनने मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा पडला नव्हता. त्या दुपारी परीचा गळा टिपताना होता तसाच होता, शांत.

“हात तुझाच, मी कुठे नाही म्हणते,” ती म्हणाली. “पण मला एक सांग, ओर्तांस. एका रुमालासाठी अख्खी खोली कुणी पांढरी करून घेतं का?”