हंसाबाईची पाठ

कपिलने पिवळा पंचा पुढे केला तेव्हा हंसाबाईने मागे वळून पाहिलं. तो आपल्यासाठी असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. मागे तिची नात राखी उभी होती, गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली. सकाळी तांड्यावरून निघताना हंसाबाईनेच तिला जीन्स बदलायला लावली होती. "देवीले भेटाले चालली का बकऱ्या चाराले?" असं विचारून.

"तिले नाई आजी, तुम्हाले," कपिल म्हणाला. "पाठ उघडी दिसून राह्यली. एवढं अंगावर घ्या अन् जा आत."

कपिल नवरात्र मंडळाचा स्वयंसेवक. झरीच्या वाटेवरच्या त्या टेकडीवर, देवीच्या दारात, या नवरात्रात नवा फलक लागला होता. अशोभनीय कपड्यांत दर्शन मिळणार नाही. राखीने तो वाचून दाखवला तेव्हा हंसाबाई खूष झाली होती. लोकांनी ताळ सोडलाय हे तिचं कधीचंच म्हणणं. आताही रांगेत एकजण अंथरुणातून उठून आल्यासारखा ट्रॅकपँटवर उभा होता आणि एक बाई रात्रीच्या गाऊनवर ओढणी टाकून आली होती. त्या दोघांनाही कपिलने सोडलं, कारण अंग झाकलेलं होतं.

आणि अडवलं कुणाला, तर हंसाबाईला. लाल पायघोळ घागरा म्हणजे फेटिया, कानांजवळ केसांत गुंफलेली चांदी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि एकेक आरसा टाक्यात बसवून स्वतःच्या हाताने शिवलेली काचळी. एवढा भार अंगावर घेऊन ती अख्खी टेकडी चढून आली होती. काचळीला पाठ नसते, नाड्या असतात. तिच्या सासूच्या काचळीलाही नव्हती. वरून ओढणी असते, पण माणूस चालणार म्हटल्यावर ओढणी हलणारच. तांड्यातल्या बाकीच्या बाया साडीवर आल्या त्याला जमाना झाला. असा सगळा साज करून देवीला येणारी आता ती एकटीच उरली होती, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

"मी उघडी दिसून राह्यली काय तुले?" तिने विचारलं. आवाज तिला हवा होता तेवढा चढला नाही. उभ्या जन्मात तिला हा शब्द कुणी लावला नव्हता.

"मले नाई दिसत आजी. पण नियम सगळ्यायले सारखा."

"घेऊन टाक न बाई," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "दोन मिनिटाची त गोष्ट हाये."

दोन मिनिटांचीच होती. पण हंसाबाईला स्वतःचं मन ठाऊक होतं. आज या पाठीवर पंचा पडला, तर घरी जाऊन ही काचळी पेटीत जाईल आणि पुन्हा बाहेर निघायची नाही. पुढच्या नवरात्रात तीही साडीच नेसेल. मग संपलंच सगळं.

"एक सांग बापू," ती म्हणाली. "आत गेल्यावर मी तोंड कोणाकडं करीन?"

"देवीकडं."

"मंग पाठ कोणाले दिसन?"

कपिलने मागच्या रांगेकडे पाहिलं.

"ज्याले दिसन, त्यानं घ्यावं पांघरून. मी कायले घेऊ?"

रांगेत हशा पिकला. कपिल कानापर्यंत लाल झाला. पोरगा वाईट नव्हता. पण पंचा स्वतःच्या हाताने बाईमाणसाच्या अंगावर टाकायची त्याची टाप नव्हती, म्हणून त्याने तो राखीच्या हातात दिला. "ताई, तुम्ही शिकेल दिसता. तुम्हीच घाला त्यायच्या अंगावर."

हंसाबाई राखीकडे पाहत राहिली. येताना ऑटोत ही पोरगी तिच्यापासून जरा सरकूनच बसली होती. कॉलेजातलं कुणी पाहील, ही धास्ती तिच्या तोंडावर लिहिलेली होती. परक्याने अडवलं तर त्याला उत्तर देता येतं. घरच्याच पोरीने पंचा टाकला तर काय करायचं?

राखीने पंचा झटकला. त्याची नीट घडी घातली आणि कपिलच्या खांद्यावर ठेवली.

"चाल दादी," ती म्हणाली.

गाभाऱ्यासमोर हंसाबाईने ओढणीचं टोक दोन्ही हातांनी देवीपुढे पसरलं. पुजाऱ्याने त्यात खोबऱ्याचा तुकडा टाकला, फूल टाकलं. तिने काय मागितलं ते तिलाच माहीत, पण मागताना मान खाली नव्हती.

देवीला पाठ दाखवायची नाही, म्हणून माणसाने उलट्या पावलांनी बाहेर यावं अशी तिथली रीत. आताशा लोक दोन पावलं मागे घेतात आणि वळून चालू लागतात. हंसाबाई वळली नाही. ओढणीची भरली झोळी पुढे धरून, डोळे देवीवर ठेवून, ती एकेक पाऊल मागे टाकत निघाली. दाराकडून रांगेला आधी तिची पाठच दिसली. उन्हात रापलेली, म्हातारी, ताठ, आणि मधोमध नाड्यांची गाठ. ट्रॅकपँटवाला बाजूला झाला, गाऊनवाली झाली, आणि खांद्यावरच्या पंच्यासकट कपिलही भिंतीला टेकला.

"उंबरा आला दादी," राखी म्हणाली. तिने आजीच्या उघड्या पाठीवर आपला तळवा टेकवला आणि सगळ्यांदेखत तिला बाहेर आणलं.