मोजपट्टीच्या जागी

"दुसऱ्याचा फोटो न विचारता आपल्या संशोधनात वापरणं म्हणजे चोरीच," डॉ. कारखानीस व्यासपीठावरून सांगत होते. "म्हणून मी उन्हातान्हात हिंडून स्वतः फोटो काढतो. हा बघा." पडद्यावर एका जुन्या वीरगळाचा फोटो आला.

मागच्या रांगेत शाल्मली सावरून बसली. तो फोटो तिचा होता, सरांच्या हाताखाली पीएचडी करताना काढलेला. दगडाचा आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवतात. ती घरी विसरली, म्हणून तिने केसांतली लाल मोराची क्लिप ठेवली होती. त्यावरून सरांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं आणि फोटो प्रबंधातून काढायला लावला. पुढे गावाने त्या दगडाला शेंदूर फासला. तसा फोटो पुन्हा मिळणार नव्हता, तेव्हा तोच सरांच्या पुस्तकात त्यांच्या नावाने झळकला. ती जाब विचारायला गेली, तर म्हणाले, "पुरावा काय?"

आता ती उठली. "सर, मोजपट्टीच्या जागी ती लाल क्लिप दिसतेय, ती तुमची का?"

सगळ्यांच्या नजरा पडद्यावरून सरांच्या तुळतुळीत टकलावर गेल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"असेल कुणाची तरी," सर पुटपुटले.

शाल्मली सावकाश चालत व्यासपीठावर गेली आणि पडद्याशेजारी सभागृहाकडे पाठ करून उभी राहिली. जोडीतली दुसरी क्लिप लावून ती सरांच्या प्रत्येक व्याख्यानाला येत होती.