चौथी रेघ

बँक बुडाली.

तसं काही झालेलं नाही, असं संध्याकाळच्या प्रसिद्धिपत्रकात म्हटलं आहे. तेव्हा आपणही ती बुडालीच नाही असं धरून चालू आणि सकाळपासून बघू.

सकाळी वेधशाळेची दाढ ठणकत होती. वेधशाळा म्हणजे एक माणूस. बँकांवर देखरेख करणाऱ्या कचेरीत तो पडद्यासमोर बसे. पडद्यावर प्रत्येक बँकेच्या नावाने तीन रेघा: तिच्या शेअरचा भाव, दुसऱ्या बँका तिला एका रात्रीपुरते पैसे देताना लावतात तो दर, आणि ती बुडाली तर भरपाई देणाऱ्या विम्याची किंमत. रेघा वेड्यावाकड्या चालायला लागल्या की मॅडमना सांगायचं. बाहेर मात्र कुठल्याही बँकेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. वाईट तर नाहीच, चांगलाही नाही. तशी त्याची सही घेतलेली होती. दिवसभर बघतो आणि पत्ता लागू देत नाही, म्हणून गल्लीने त्याचं नाव वेधशाळा ठेवलं होतं.

तिन्ही रेघा शहाण्या मुलांसारख्या बसल्या होत्या. तोच तेवढा चुळबुळत होता. जीभ सारखी दाढेकडे, हात सारखा गालाकडे. इतक्यात एका बँकेची पहिली रेघ घसरली. त्या बँकेची शाखा समोरच, रस्त्यापलीकडे. तो उठून खिडकीशी गेला. शाखेच्या दारात ही रांग! आणि रांगेत पहिल्या नंबरावर, पर्स पोटाशी धरून, त्याच्या सासूबाई. त्या त्याच्याकडेच राहत, आणि त्यांची सगळी पुंजी त्या बँकेत होती.

त्याने फोन लावला.

"आई, तिथे काय करताय?"

"जावईबापू, काल तुम्ही भरल्या ताटावरून उठलात."

"दाढ दुखतेय माझी."

"हो हो. असंच सांगायला सांगितलं असणार तुम्हाला." सासूबाई फोन आरशासारखा समोर धरून बोलत, त्यामुळे रांगेला सगळं ऐकू जात होतं. "जन्मभर ताट चाटूनपुसून खाणारा माणूस उगाच नाही उठत."

"खरंच दाढ आहे, आई. घरी जा."

"मग म्हणा, बँक चांगली आहे. ही निघाले बघा."

बँक ठणठणीत होती. पण सही केलेली होती.

"ऐकलंत?" सासूबाई मागे वळून म्हणाल्या. "तोंडातून शब्द फुटत नाही बिचाऱ्याच्या."

मागच्यांनी आपापल्या घरी फोन लावले. दुसरी रेघ उभी राहिली.

मॅडम आल्या. "कारण काय?"

पडद्यावर कारणासाठी एक चौकट होती. ती भरल्याशिवाय वर कळवता येत नसे. त्याने लिहिलं: दाढ.

"कोणाची?"

"माझी."

"वरची की खालची?"

"खालची. डावीकडची."

मॅडमनी ते चौकटीत नीट भरून घेतलं. मग खिडकीतून रांग पाहिली. रांग आता कोपऱ्यावरून वळली होती. "तुम्हाला बोलता येत नाही, मान्य. पण नियमात हसण्याबद्दल काही नाही. हसा."

"मॅडम, दुखतंय हो."

"बँकेसाठी हसा."

त्याने खिडकी उघडली आणि हसला. गाल सुजला होता, त्यामुळे तोंड अर्धंच हसलं. उरलेलं अर्धं जिथल्या तिथे राहिलं. रांगेने वर पाहिलं.

मग मधूनच कुणीतरी ओरडलं, "अरे, डोकं फिरलं त्याचं! संपलं सगळं!"

रांग मोडली आणि दारावर जाऊन आदळली. तिसरी रेघ पडद्याच्या वरच्या कडेला टेकली आणि पुढे कुठे गेली ते दिसेना.

दुपारी एका मोठ्या बँकेने या बँकेला पोटात घेतलं. त्याला बुडणं नाही, विलीन होणं म्हणतात. सासूबाईंचा नंबर पहिला, त्यामुळे त्यांना सगळे पैसे मिळाले. ते त्यांनी धावतपळत त्यातल्या त्यात भरवशाच्या बँकेत नेऊन टाकले. म्हणजे त्याच मोठ्या बँकेत.

"जावई असावा तर असा!" त्यांचा फोन आला. "न बोलता सांगितलंत. आता मी रोज तुमच्या ताटाकडे डोळ्यांत तेल घालून बघणार. गल्लीलाही कळवत जाईन."

तेवढ्यात दाढेतून अशी कळ आली की तो खुर्चीतच गोल फिरला.

मॅडमचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या रेघा एकीखाली एक लावून बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा लग्न ठरल्यासारखा फुलला होता. "ह्या तिघी सकाळी हलल्या. तुमचं ताट काल रात्रीच हललं! अहो, आधी हलणारं असं काहीतरी आपण किती वर्षं शोधतोय!" त्यांनी तिथल्या तिथे पडद्यावर चौथी रेघ काढायला लावली. तिच्यापुढे लिहिलं: जेवण.

"आणि दाढ?" त्याने विचारलं. "उद्या काढून टाकावी म्हणतो."

"छे! काढल्यावर तुम्ही एकदम पोटभर जेवाल. रेघ उसळेल. बाजाराने काय समजायचं? समिती नेमू. तोवर घरी चेहरा सरळ ठेवा."

त्याने कागद ओढला. एक हात गालावर होता, दुसऱ्याने लिहिलं:

"सबब विनंती की, समितीचा निर्णय होईपर्यंत अर्जदारास कार्यालयीन वेळेनंतर, स्वतःच्या घरी, सासूबाईंच्या उपस्थितीत, कोणत्याही बँकेच्या स्थैर्यास बाधा न येता, दिवसातून एकदा तोंड वाकडे करून 'आई गं' म्हणण्याची परवानगी मिळावी."