सुनेच्या गाण्यात सासू

गाणं सुरू झालं तरी सुनेचं काम करणारी रोशनी जागची हलेना. तिचा हा पहिलाच प्रयोग. झाडीपट्टीतल्या त्या नाटकाचे सगळे नाच बसवणारी कुंदाबाई विधवा सासूचं पांढरं लुगडं नेसून विंगेत श्वास रोखून उभी होती. मंडपात शिट्ट्या सुरू झाल्या.

"पडदा पाडा!" कंपनीचे मालक खेकसले.

"थांबा जी," म्हणत कुंदाबाई थेट रंगमंचावर गेली. विधवा सासू नाचली तर लोक टाळ्या वाजवतील की दगड मारतील, तिला ठाऊक नव्हतं. तिनं रोशनीचा गार हात धरला. "माह्याकडं पाह्य, पोरी." दोघी नाचू लागल्या.

मंडप चिडीचूप झाला. कुंदाबाईनं ठेका सोडला नाही. दुसऱ्या कडव्याला रोशनीचे पाय मोकळे झाले. तेवढ्यात बायकांमधून एक म्हातारी उठली आणि दोन्ही हात उंचावून ताल धरू लागली.